पाचवं उद्दिष्ट

‘पाणी जपून वापरायला हवं.’ त्यापुढे पाच चौकोन, ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत. शाश्वतता शिक्षणाचा, म्हणजे पुढच्या पिढ्यांनाही पुरेल असं आज कसं जगायचं हे शिकवणारा, एखादा कार्यक्रम शाळेत सुरू होण्याआधी मुलांच्या हाती जी प्रश्नावली पडते, तिच्यात या धाटणीचं एक तरी वाक्य हमखास सापडतं. मुलं पेन उचलतात आणि शेवटच्या चौकोनात खूण करून मोकळी होतात. जवळजवळ अख्खा वर्ग. वर्षभराने कार्यक्रम संपतो, तीच प्रश्नावली पुन्हा येते आणि मुलं पुन्हा त्याच चौकोनात खूण करतात. तक्त्यातल्या ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन रकान्यांत सारखेच आकडे दिसू लागतात आणि अहवाल लिहिणारा पेचात पडतो. कार्यक्रमाने काहीच घडलं नाही असं म्हणायचं, की मुलं आधीच इतकी जागरूक होती की वर जायला जागाच उरली नव्हती, असं म्हणायचं?

खरं तर यातलं काहीच म्हणता येत नाही. त्या खुणेतून मुलाचं मत कळतच नाही. मोठ्यांना कुठलं उत्तर हवं आहे हे मुलाला ठाऊक आहे, एवढंच कळतं. शाळेत छापील कागद समोर आला की तो परीक्षेचा, हे मूल पहिलीपासून शिकत आलेलं असतं. तेव्हा त्याने बरोबर उत्तर शोधलं तर त्यात खोटेपणा कसला? विचारणाऱ्यानेच असा प्रश्न विचारला की ज्याला एकच शहाणं उत्तर आहे.

मी बरीच वर्षं अशा कार्यक्रमांच्या मूल्यमापनाचं काम करते. शाळांमध्ये जायचं, तासाला मागच्या बाकावर बसायचं, शिक्षकांशी बोलायचं, वह्या चाळायच्या, मुलांबरोबर आवारात फिरायचं आणि शेवटी अहवाल लिहायचा. या कामावर माझा जीव आहे. म्हणूनच त्यातली एक गोष्ट मला फार खुपते. शाश्वततेचं शिक्षण नीट झालं की नाही हे ठरवण्याचा अधिकार, ज्यांना ते शिक्षण दिलं त्यांच्याकडे आपण ठेवतच नाही. मुलं माहिती पुरवतात, शिक्षक माहिती पुरवतात. निष्कर्ष मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी टेबलावर निघतात.

सुरुवातीचा विचार असा नव्हता. ऑक्टोबर १९७५ मध्ये युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी बेलग्रेडला एक आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरवली. तिच्यातून पर्यावरण शिक्षणाची सनद तयार झाली. त्या सनदेत सहा उद्दिष्टं आहेत: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्यं, मूल्यमापनाची क्षमता आणि सहभाग. पाचव्या उद्दिष्टाचा खुलासा तर मुद्दाम वाचावा असा आहे. पर्यावरणासाठी केले जाणारे उपाय आणि शिक्षणाचे कार्यक्रम, या दोहोंचं मूल्यमापन माणसांना स्वतः करता यावं. तेही परिसंस्थेच्या, राजकारणाच्या, अर्थकारणाच्या, समाजाच्या, सौंदर्याच्या आणि शिक्षणाच्या अशा सगळ्या अंगांनी, असा त्याचा आशय आहे. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९७७ मध्ये, तिबिलिसीला सरकारांच्या पातळीवरची परिषद झाली. पुढे या क्षेत्रात सगळ्यात जास्त आधार घेतला गेला तो तिथल्या जाहीरनाम्याचा. त्यात उद्दिष्टं पाच आहेत. जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्यं, सहभाग. मूल्यमापनाच्या क्षमतेची वेगळी ओळ त्यात नाही.

ती कौशल्यांतच आली, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. एखादी अडचण ओळखून ती सोडवता येणं हे एक, आणि तिच्यावर म्हणून जो उपाय आपल्या हातात ठेवला गेला आहे तो खरंच उपाय आहे का हे तपासता येणं वेगळं. आणि शाश्वततेच्या बाबतीत या दुसऱ्या गोष्टीवाचून पाऊल टाकता येत नाही. कापडी पिशवीचंच घ्या. किती तरी कार्यक्रमांच्या समारोपाला मुलांना आणि शिक्षकांना सुती पिशव्या वाटतात. इंग्लंडच्या पर्यावरण विभागाने, म्हणजे एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने, २०११ मध्ये पिशव्यांच्या पूर्ण जीवनचक्राचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीइतकाच तापमानवाढीचा भार येण्यासाठी सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरावी लागते, असा त्यातला हिशेब होता. म्हणून प्लास्टिक बरं, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. उघड्यावर पडलेल्या प्लास्टिकचं काय होतं हा प्रश्न त्या आकड्यात बसतच नाही. पण ‘मला मिळालेली ही कितवी पिशवी, आणि पहिली मी किती वेळा वापरली?’ असं जे मूल विचारेल, ते माझ्या लेखी कार्यक्रमातून काहीतरी मोलाचं घेऊन गेलं. हा प्रश्न कुठल्याही प्रश्नावलीतल्या चौकोनात सापडत नाही.

पॉल वेअर आणि विल्यम स्कॉट या दोन अभ्यासकांनी २००७ मध्ये हा भेद स्पष्ट मांडला होता. शाश्वत विकासाच्या शिक्षणाचे त्यांनी दोन प्रकार केले. पहिल्यात तज्ज्ञांनी ठरवलेल्या चांगल्या सवयी पसरवायच्या; दुसऱ्यात तज्ज्ञ काय सांगतात हे पारखण्याची ताकद वाढवायची. दोन्ही लागतात आणि दोन्ही एकमेकांना पूरक आहेत, असं त्यांचं म्हणणं. माझा अनुभव असा की कार्यक्रमाच्या प्रस्तावात दुसऱ्या प्रकाराची भाषा असते आणि मूल्यमापनात पहिल्या प्रकाराचे निकष असतात. दिवे बंद करता का? नळ बंद करता का? कचरा वेगळा करता का? माहिती दिली की वृत्ती बदलते, वृत्ती बदलली की वागणं बदलतं, ही सरळ रेषा या प्रश्नांच्या मुळाशी अजून आहे. १९९० मध्ये हंगरफर्ड आणि वोक या संशोधकांनी आणि २००२ मध्ये कोलमुस आणि अग्येमन यांनी ही रेषा टिकत नाही हे सविस्तर दाखवून दिलं, तरीही.

एका शाळेतल्या नळाबद्दल थोडं लांबण लावून सांगते, कारण मूल्यमापन म्हणजे काय याची इतकी चांगली शिकवण मला क्वचितच मिळाली आहे.

नळ थेंबथेंब गळत होता. सेकंदाला साधारण एक थेंब. दिवसभरात किती पाणी जातं हे काढायचं गणित बाईंनी दिलं. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे तितकेच थेंब. एका गटाने औषधाच्या मापाने वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला. त्यांचं उत्तर आलं ४.३ लिटर. दुसऱ्या गटाने कुठल्याशा तक्त्यावरून एक थेंब पाव मिलिलिटरचा धरला. त्यांचं उत्तर २१.६ लिटर. पाचपटीचा फरक. दोन्ही गटांचा गुणाकार बरोबर होता.

“बाई, मग चुकलं कुणाचं?” एकाने विचारलं.

“हिशेबात कुणाचंच नाही,” बाई म्हणाल्या. “आता खरं किती ते कसं कळेल, सांगा.”

मुलांनी नळाखाली मोजपात्र ठेवलं. सकाळी एक तास, दुपारी एक तास. दोन वेगळे आकडे आले. पुन्हा गोंधळ. मग एका मुलीच्या लक्षात आलं की सकाळी वरची टाकी भरलेली असते, दुपारपर्यंत ती उतरते, आणि पाण्याचा दाब कमी झाला की गळतीही कमी होते. यानंतर मुलं जे करतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, ते त्यांनी केलं. नळ इतके दिवस दुरुस्त का झाला नाही, याचा त्यांनी माग काढला. बिघाड कुणाला सांगायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ज्याला दिसायचा त्याला वाटायचं, दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल. आतली छोटीशी चकती बदलायलाही मुख्याध्यापकांची परवानगी आणि कार्यालयाची नोंद लागायची.

त्या वर्षाअखेरीस ठरलेली प्रश्नावली आली. तिच्यात एक विधान होतं: ‘माझ्या एकट्याच्या कृतीने पाणीबचतीत मोठा फरक पडतो.’ या वर्गाचे गुण त्या विधानावर आधीपेक्षा खाली आले. तक्त्यात ती घसरण ठळक दिसत होती. कागदावरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की कार्यक्रमाने मुलांचा आत्मविश्वास कमी केला. प्रत्यक्षात मुलांना कळलं होतं की नळ बंद करणारा हात एक आणि नळ दुरुस्त करवून घेणारी व्यवस्था दुसरी, आणि या दुसरीपाशी एकट्याचं चालत नाही. त्या वर्गात त्या वर्षी घडलेलं सगळ्यात खोल शिक्षण आमच्या साधनाने ‘उणे’ म्हणून नोंदवलं. मुलांना जर तो तक्ता दाखवला नसता आणि ‘असं का झालं असेल?’ असं विचारलं नसतं, तर अहवालात तेच छापलं गेलं असतं.

आकडे असे चकवतात, पण त्यांच्याकडे पाठ फिरवून भागत नाही. स्वीडनमध्ये ओल्सन आणि गेरिके यांनी सहावी, नववी आणि बारावीच्या विद्यार्थ्यांची शाश्वततेविषयीची जाण तपासली. त्यांचा लेख २०१६ मध्ये आला. नववीच्या वयात ती जाण खाली गेलेली दिसली. पौगंडावस्थेत बरंच काही हलतं, त्यात हेही हलतं. आता विचार करा, सहावीत सुरू झालेला कार्यक्रम नववीत तपासला आणि तुलनेला दुसरी शाळा घेतलीच नाही, तर उत्तम चाललेला कार्यक्रमही अपयशी ठरेल. उलटंही होतं. मार्क स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ ते २०१० या काळातले पर्यावरण शिक्षणाच्या मूल्यमापनाचे ६६ लेख एकत्र तपासले होते. बहुतेकांनी चांगले परिणाम नोंदवले होते. पण कार्यक्रमातल्या नेमक्या कुठल्या गोष्टीमुळे ते घडले हे वेगळं काढून दाखवणारे फार थोडे होते. कार्यक्रम चांगला झाला एवढंच कळलं तर पुढच्या शिक्षिकेने त्यातून काय उचलायचं?

शिक्षकांकडे येते, कारण मला वाटतं खरं मूल्यमापन तिथेच व्हायला हवं आणि तिथेच ते सर्वांत उथळ होतं.

प्रशिक्षणाआधी शिक्षकांना विचारतात, शाश्वत विकास हा विषय तुम्ही किती आत्मविश्वासाने शिकवू शकता? बरेच जण पाचपैकी चार देतात. प्रशिक्षण चांगलं असेल तर त्यांच्या लक्षात येतं की आपण ज्याला शाश्वत विकास समजत होतो ते झाडं लावणं आणि कचरा उचलणं एवढंच होतं. ऊर्जा, अर्थव्यवस्था, न्याय, पुढच्या पिढ्या हे सगळं बाहेरच राहिलं होतं. मग नंतरच्या प्रश्नावलीत ते प्रामाणिकपणे तीन देतात. शिकल्यामुळे गुण कमी झाले! जॉर्ज हॉवर्ड या मानसशास्त्रज्ञाने १९७९-८०च्या सुमारास हा प्रकार ओळखून त्यावर साधा उपाय सुचवला होता: प्रशिक्षणानंतरच दोन्ही प्रश्न विचारा, ‘आज तुम्ही कुठे आहात, आणि आज मागे वळून पाहता तेव्हा कुठे होतात?’ स्मरणशक्तीचे दोष यातही येतात. तरी शिक्षकांशी बोलणं सुरू करायला याहून चांगली वाट मला सापडलेली नाही, कारण ‘तेव्हा मी स्वतःला चार दिले होते’ असं म्हणताना शिक्षक आपल्या बदलाची गोष्ट आपणच सांगू लागतात.

एका शिक्षिकेने मला जे ऐकवलं ते मी तेव्हापासून प्रत्येक मुलाखतीत वापरते. मी त्यांना, वर्षभरात पुस्तिकेतले किती उपक्रम घेतले, असं विचारत होते. त्या म्हणाल्या, “मॅडम, घेतले किती ते सगळेच विचारतात. सोडले कुठले आणि का, ते विचारा.”

त्यांनी घरच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब करण्याचा उपक्रम सोडला होता. वर्गात ज्या मुलांच्या घरी कमी वस्तू होत्या त्यांचे आकडे लहान आले आणि बाकीच्यांनी त्यांना ‘विजेते’ ठरवलं. आपल्या घरी काय काय नाही हे त्या मुलांना सगळ्यांसमोर वाचून दाखवावं लागलं. शिक्षिकेने तास मध्येच थांबवला. दुसऱ्या दिवशी तोच हिशेब त्यांनी घराऐवजी शाळेचा घेतला: शाळेची वीज, शाळेचा कागद, शाळेत येण्याजाण्याचा प्रवास. पुस्तिकेच्या निकषाने पाहिलं तर तो उपक्रम ‘घेतला नाही’. माझ्या निकषाने, त्या शिक्षिकेने कार्यक्रमाचं मूल्यमापन केलं, तो नाकारला आणि सुधारला. तिथे बेलग्रेडचं पाचवं उद्दिष्ट जिवंत होतं आणि आमच्या नोंदीच्या छापील नमुन्यात त्याला लिहायला ओळ नव्हती.

शिक्षकांवर या कार्यक्रमांचा किती भार पडतो हेही कुणी मोजत नाही. वेळापत्रकात वेगळी तासिका नसते, अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई असते, फोटो आणि नोंदी पाठवायच्या असतात, आणि शाळेत बहुधा एकच जण हे सगळं ओढत असतो. त्या एकाची बदली झाली की कार्यक्रम त्याच्याबरोबर जातो. म्हणून कार्यक्रम संपल्यावर लगेच केलेल्या पाहणीवर माझा फारसा विश्वास नाही. एक वर्ष जाऊ द्यावं आणि मग शाळेत जावं. वीजमीटरची वही अजून भरली जाते का? कुणाच्या हाताने? नव्याने आलेल्या शिक्षकांना ती वही कशासाठी आहे हे कुणी सांगितलं? रोपं किती लावली याचा आकडा समारंभाच्या दिवशी मिळतो, जगली किती याचा पुढच्या उन्हाळ्यानंतर. या उशिराच्या फेरीसाठी अंदाजपत्रकात पैसे ठेवलेले क्वचित आढळतात, आणि मला जर एकच मागणी करायची मुभा मिळाली तर मी ती मागेन.

मुलांच्या सहभागाचंही तसंच. रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभागच मानलं नाही. मुलांना हवं तसं वापरून घेणं, त्यांना शोभेसाठी उभं करणं, आणि नावापुरतं बोलायला देणं. शाळेच्या पर्यावरण दिनाचा कुठलाही फोटो घ्या आणि या तीन पायऱ्या मनात ठेवून पाहा. हातात फलक आहेत, फलकांवर घोषवाक्यं आहेत. ती मुलांनी निवडली का? डेन्मार्कच्या येन्सन आणि श्नाक यांनी १९९७ मध्ये एक कसोटी दिली, तीही इथे कामाची आहे. एखादी गोष्ट कृती ठरायची तर ती करायची हे करणाऱ्यांनी स्वतः ठरवलेलं असावं, आणि तिचा रोख प्रश्नाच्या सोडवणुकीकडे असावा. नाहीतर तो नुसता उपक्रम. मी ही कसोटी लावायला लागले तेव्हापासून अहवालातले उपक्रमांचे लांबलचक तक्ते मला वाचवत नाहीत.

मग मुलांनाच मूल्यमापन करू दिलं तर? हे काही आकाशातून पडलेलं खूळ नाही. १९९४ मध्ये युरोपात सुरू झालेल्या ‘इको-स्कूल्स’ या कार्यक्रमाच्या सात पायऱ्यांत देखरेख आणि मूल्यमापन ही एक पायरी आहे, आणि ती मुलांचा सहभाग असलेल्या समितीकडेच आहे. पण तिथेही ‘काय मोजायचं’ हे मुलांनी ठरवणं आणि ठरलेलं मुलांनी मोजणं यात मोठं अंतर राहू शकतं. एका कार्यक्रमात आम्ही सुरुवातीलाच मुलांना विचारलं की वर्षाअखेरीस हा चांगला झाला की नाही हे तुम्ही कशावरून ठरवाल. त्यांनी सांगितलेल्या निकषांत, ‘आम्ही सुचवलेलं एक तरी मोठ्यांनी मान्य केलं का’, ‘लहान वर्गांना समजलं का’, ‘कंटाळा आला का’ आणि ‘हे लोक गेल्यावर कोण करणार’ असे निकष होते. कार्यक्रमाच्या मूळ आराखड्यात यातला एकही नव्हता. शेवटचा तर ऐकून आम्ही सगळे गप्प झालो, कारण शाश्वततेचा याहून थेट निकष कुठला असणार!

याच मुलांनी कचऱ्याच्या डब्यांचं काय होतं ते पाहायचं ठरवलं. वर्गावर्गात ओला आणि सुका असे दोन डबे ठेवलेले होते आणि नोंदवहीप्रमाणे वर्गीकरण उत्तम चाललं होतं. मुलं शाळा सुटल्यावर थांबली. संध्याकाळी सफाई करणाऱ्या मावशी आल्या आणि त्यांनी दोन्ही डबे एकाच पिंपात रिकामे केले. मुलांनी त्यांना कारण विचारलं. मावशी म्हणाल्या, “दुसरं पिंप कुठाय? मला कुणी काही सांगितलं नाही बाबा.” प्रशिक्षण विद्यार्थ्यांचं झालं होतं, शिक्षकांचं झालं होतं. ज्या व्यक्तीच्या हातातून तो सगळा कचरा जातो तिला कुणी बोलावलंच नव्हतं. बाहेरून आलेले आम्ही शाळेच्या वेळेत येत होतो आणि शाळेच्या वेळेत जात होतो. ही गोष्ट आम्हाला कशी दिसणार?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मुलं आणि शिक्षक स्वतःच्याच कार्यक्रमाचं मूल्यमापन करणार, मग ते तटस्थ कसं? आक्षेप योग्य आहे. बाहेरच्या नजरेची जागा आतल्या नजरेला घेता येत नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात डॅनिएल लॉसन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शिक्षकांनी हवामानबदलाचा खास पाठ्यक्रम घेतला, काहींनी घेतला नाही, आणि दोन्हीकडच्या मुलांची व पालकांची मतं आधी-नंतर तपासली. ज्या मुलांनी तो पाठ्यक्रम घेतला त्यांच्या पालकांचीही हवामानबदलाविषयीची चिंता वाढलेली आढळली. वडिलांमध्ये आणि पुराणमतवादी पालकांमध्ये हा फरक जास्त होता, आणि मुलग्यांपेक्षा मुलींचा प्रभाव अधिक पडला होता. हे शोधून काढायला तुलनेचे गट, काटेकोर आखणी आणि बाहेरचे संशोधकच लागतात. डब्यांचं काय होतं हे शोधायला मात्र संध्याकाळी थांबणारी मुलं लागतात. दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत, आणि एकाच प्रश्नावर सगळा निधी खर्च होतो ही माझी तक्रार आहे.

आणखी एक प्रश्न, जो विचारला जावा म्हणून मी आग्रह धरते: या कार्यक्रमाने मुलांच्या मनावर काय ठेवलं? कॅरोलिन हिकमन आणि सहकाऱ्यांनी दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांची पाहणी केली. ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ५९ टक्क्यांनी हवामानबदलाची खूप किंवा अतोनात काळजी वाटते असं सांगितलं, आणि ४५ टक्क्यांहून जास्त जणांच्या रोजच्या जगण्यावर या भावनांचा वाईट परिणाम होत होता. आपण मुलांना वितळणारे हिमनग दाखवतो आणि लगेच विचारतो, तुझी जाणीव किती वाढली? जाणिवेबरोबर भीतीही वाढली असेल तर ती कुठल्या रकान्यात जाते? यावर नवी प्रश्नावली बनवण्याचा मोह आवरावा असं मला वाटतं. मुलांना एकमेकांशी बोलायला वेळ द्यावा, ओळखीचे शिक्षक जवळ असावेत, आणि जे पुढे येईल त्यावर कार्यक्रमात बदल करायची तयारी असावी. ज्या वर्गांत मुलांनी शाळेतली एखादी छोटी गोष्ट बदलून घेतली होती, त्या वर्गांत हे बोलणं मला वेगळं ऐकू आलं. भीती होतीच, पण तिच्याबरोबर ‘आम्ही ते केलं होतं ना’ हेही होतं.

आता प्रस्ताव आला की मी काही गोष्टी आधीच मागते. निकष ठरवण्याच्या बैठकीत शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही असावेत. निकाल छापण्याआधी तक्ते त्यांच्यासमोर ठेवले जावेत आणि त्यांनी लावलेला अर्थ अहवालात त्यांच्या शब्दांत यावा, आमच्या अर्थाशी जुळत नसला तरी. आणि मुलांनी केलेल्या शिफारशींना ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावं. यातली शेवटची अट कार्यक्रम राबवणाऱ्या संस्थांना सगळ्यात जड जाते. का ते मी समजू शकते. होकार देणं सोपं असतं. नकार द्यायचा तर कारण लिहावं लागतं आणि ते मुलांना पटेल असं लिहावं लागतं.

त्या डब्यांच्या शाळेतल्या मुलांनी तीन शिफारशी केल्या. पुढच्या प्रशिक्षणाला मावशींना बोलवा आणि ते त्यांच्या कामाच्या वेळेत, पगारी ठेवा. दुसरं पिंप आणा. घोषवाक्य स्पर्धा बंद करून तो वेळ शाळेचे वापराचे आकडे तपासायला द्या. पिंप आठवड्यात आलं. मावशींच्या प्रशिक्षणाला शाळेने आणि संस्थेने होकार दिला; त्यात मावशींनीच दाखवून दिलं की डबे जिन्याच्या चुकीच्या टोकाला ठेवलेले आहेत, आणि ते हलवले गेले. स्पर्धा बंद करायला संस्था तयार झाली नाही. कारणं लेखी आली. मुलांनी ती वर्गात मोठ्याने वाचली, त्यावर वाद घातला, आणि बहुसंख्य मुलांना ती पटली नाहीत. वर्षाअखेरीस खालच्या वर्गाकडे नोंदवही सोपवताना त्यांनी तिसरी शिफारस ‘अजून बाकी’ या मथळ्याखाली लिहिली आणि संस्थेचं उत्तरही शेजारी चिकटवून दिलं.